बेचाळिसाव्या पानावरची चांदणी

"चांदणी कुठं गेली?" बाईंनी विचारलं.

विक्री विभागाच्या साहेबांनी उगाच खिडकीबाहेर पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते.

"आभाळातली नव्हे, बेचाळिसाव्या पानावरची!" बाईंनी नवाकोरा कॅटलॉग टेबलावर आपटला. "हजार व्होल्टच्या डोक्यावर चांदणी होती, खाली तळटीप होती. दोन्ही गायब!"

"मीच काढली. एका रकान्यात एकच आकडा असला की गिऱ्हाईक खूश. चांदणी दिसली की त्याला वाटतं, इथं काहीतरी भानगड आहे."

"भानगड आहेच! म्हणून तर चांदणी आहे!"

कारखाना मोठमोठ्या यंत्रांच्या वायरी जोडणारे कनेक्टर बनवायचा. कुठला कनेक्टर किती व्होल्ट सोसेल, हे कॅटलॉगात लिहायचं काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. पाठीमागे सगळे आपल्याला तळटीपबाई म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. प्रत्येक पान 'तपासलं' या चौकोनात त्यांची सही घेऊनच छापायला जायचं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाई चार दिवस रजेवर काय गेल्या, साहेबांनी कॅटलॉग परस्पर छापून आणला.

बाईंनी पुन्हा एकदा, बहुधा शंभराव्यांदा, समजावलं. "हे दोन स्क्रू. मधे प्लास्टिक. स्वच्छ, बंद पेटीत हजार व्होल्ट खुशाल द्या. पण त्या प्लास्टिकवर धूळ बसली आणि धुळीला ओल लागली, की वीज तिच्यावरून सरपटत पलीकडच्या स्क्रूपर्यंत जाते. तिथं पाचशेच. तळटीप एवढंच सांगते हो!"

"पुढच्या आवृत्तीत बघू. निम्मे कॅटलॉग मागच्याच आठवड्यात गेलेसुद्धा."

बाईंनी कपाळावर हात मारला. बाहेर येऊन त्यांनी आपल्या टेबलाचा खण उघडला आणि उगाचच जोरात बंद केला.

दुपारी साहेब समजूत काढायला स्वतः दोन कप चहा घेऊन बाईंच्या टेबलाशी आले, आणि तेवढ्यात फोन वाजला. तांत्रिक शंकांचे फोन बाईंकडेच यायचे.

"ताई, मी पिठाच्या गिरणीतून बोलतोय, इथला फिटर. तुमचे दोनशे कनेक्टर आलेत. आमच्याकडं सहाशे नव्वद व्होल्ट आहे आणि तुमच्या पुस्तकात हजार दिलंय. म्हणजे बसवायला हरकत नाही ना? उद्या मशीन सुरू करायचंय, म्हटलं एकदा विचारून घ्यावं."

"पॅनेलमध्ये धूळ असते का?"

तिकडून हसू ऐकू आलं. "ताई, आमच्या चहावरसुद्धा पीठ तरंगतं!"

साहेब हातवारे करून 'हो म्हणा, हो म्हणा' असं सुचवत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"बसवू नका," त्या म्हणाल्या. "पुस्तकात चूक आहे."

फिटरचं हसू थांबलं. "आता बाकीच्या पानांचा भरवसा कसा धरायचा? दहा वर्षं तुमचं पुस्तक बघून वायरिंग करतोय मी. कधी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही."

हे मात्र बाईंना फार लागलं. चूक कुणाची, ते त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण गिरणीतल्या माणसाला साहेब कोण आणि बाई कोण, याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यासाठी पुस्तक एकच होतं.

"पुस्तक मी करते. चूक माझी," बाई म्हणाल्या. "पेन आहे का जवळ? बेचाळिसावं पान काढा. हजारच्या डोक्यावर एक चांदणी काढा. आता खाली लिहा, 'स्वच्छ, बंद पेटीत हजार व्होल्ट.' लिहिलंत? 'धूळ आणि ओल असेल तिथे पाचशेच्या वर नाही.' बाकीची पानं मी पुन्हा तपासते आणि तुम्हाला लेखी कळवते."

फिटर एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत होता. "आणि हे दोनशे?"

"परत पाठवा. स्क्रूंमधलं अंतर जास्त असलेले बदलून देऊ."

साहेबांचा कप टेबलावर आदळला. बाईंनी फोन ठेवायची ते वाट पाहत होते.

"उद्यापासून गिऱ्हाइकांचे फोन माझ्या केबिनमध्ये येतील. तुम्ही कागद बघा, बाई."

घरी नवरा आईच्या डोळ्यात थेंब घालत होता. "फोन काढून घेतला माझा," बाई म्हणाल्या.

"बरं झालं की. कटकट गेली."

"कटकट नव्हती ती!" बाई एवढ्या ओरडल्या की सासूबाई दचकल्या आणि थेंब गालावर पडला. बाईंना रडू कोसळलं, आणि एका फोनसाठी आपण रडतोय याचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाईंच्या टेबलावर फोनच्या जागी फिकट चौकोन उरला होता. बाईंनी उरलेली पानं पट्टी धरून तपासली आणि गिरणीला पत्र धाडलं. आठवड्यानं उलट टपाली पाकीट आलं. आत फाडून काढलेलं बेचाळिसावं पान होतं. घडीत पीठ होतं. हजारवर बॉलपेननं गिरवलेली भलीमोठी वाकडी चांदणी होती आणि खाली ठसठशीत अक्षरात तळटीप. कडेला लिहिलं होतं, 'ताई, बरोबर लिहिलंय का बघा. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवायचंय.'

बाईंनी नेहमीसारखी ओळीखाली पट्टी धरली. एकही चूक नव्हती. त्यांनी कोपऱ्यात एक चौकोन आखला आणि त्यात 'तपासलं' असं लिहिलं.

पलीकडे साहेबांच्या केबिनमध्ये फोन वाजत होता. साहेब जेवायला गेले होते. बराच वेळ तो कुणी उचलला नाही.

बाईंनी सही केली, तारीख घातली, आणि पेन हातात तसंच ठेवून त्या उठल्या.