भोंगा वाजला तेव्हा

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर उंचावर बसते म्हणून साइटवर सगळे तिला घारताई म्हणत. एकटेपण तिला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं, कारण खालून इशारे द्यायला तिचा नवराच असायचा. वायरलेसवर त्याची टकळी चालूच. "मॅडम, थोडं डावीकडे. मुकादम आज केस रंगवून आलाय बघ. हं, आता सावकाश सोड."

मग त्याला समुद्रापलीकडच्या एका बंदरात काम मिळालं आणि तो गेला. त्याच्या जागी एक पोक्त गृहस्थ आले. कामाला चोख, पण 'डावीकडे', 'बस' यापलीकडे अवाक्षर नाही. घारताईचे कान दिवसभर उपाशी राहत.

त्या दुपारी सळयांचा भारा उचलायचा होता. तो जमिनीवरून सुटला. क्रेनच्या आडव्या हातावरून तिने तो टोकाकडे न्यायला घेतला, तोच भोंगा बोंबलू लागला. पडद्यावर लाल दिवा लागला, केबिन पुढे वाकल्यासारखी वाटली. बांधणाऱ्यांनी दोन खेपांचा माल एकाच भाऱ्यात कोंबला होता. आपल्या उभ्या खांबाजवळ असताना क्रेनने तो पेलला, पण टोकाकडे जाऊ लागताच तो झेपेना.

तिने भारा आहे तिथेच थांबवला आणि वायरलेस उचलला.

"खालची माणसं बाजूला काढा. आधी माणसं."

"अगं, थोडंच तर राहिलंय!" मुकादम वायरलेसवर मध्येच ओरडला. "भोंगा बंद कर आणि ने पुढे."

"भोंगा बंद केला म्हणून वजन कमी होतं का, मुकादम?"

"जागा मोकळी," गृहस्थांचा आवाज आला.

तिने भारा अलगद खांबाकडे मागे घेतला. भोंगा गप्प झाला. मग तिने तो अगदी बेताबेताने खाली सोडला, कारण मध्येच झटका बसला असता तर वजन दुप्पट होऊन दोरावर आलं असतं. भारा मातीला टेकला तेव्हा तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"छान, ताई," गृहस्थ म्हणाले. तेवढंच.

तिला एकदम रडू फुटलं. यानंतर नवरा किती बोलला असता! मुकादमाची नक्कल केली असती, तिला हसवून हसवून बेजार केलं असतं.

इंजिनीअरने क्रेन तपासली, मुकादमाने कुरकुरत भारा सोडून त्याचे दोन करवले, आणि काम पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं.

"घाबरलीस?"

"हो. खूप." मग आजवर कधी न बोललेलं तिच्या तोंडून निघून गेलं, "परत ये ना."

"बघतो," तो म्हणाला.

त्याच्या 'बघतो'चा अर्थ तिला लग्नाआधीपासून ठाऊक होता. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "जेवलास का?"