सुनेचा स्टोव्ह

लग्नाला चार महिने झाले आणि आमची सून घरात स्टोव्ह घेऊन आली. हाटकेश भागातल्या भंगारवाल्याकडून. पितळी, पत्र्याच्या डब्यात घडी होऊन बसणारा, गिर्यारोहकांचा, वयाने तिच्याहून मोठा. शनिवारी तिला तो ट्रेकला न्यायचा होता.

"बाबा, फक्त हवा धरत नाहीये," रसिका म्हणाली.

माझ्या बायकोने, उर्मिलेने, मला आत ओढलं. "अहो, घरात नवी सून आणि स्टोव्ह! काही झालं तर पेपरात काय येईल?"

पेपरात काय येईल ते आमच्या पिढीला पाठ आहे. स्टोव्हचा भडका, सासू-सासरे अटकेत. आम्ही हुंडा घेतला नव्हता. पण न घेतल्याची पावती कुणाकडे असते?

मी जाहीर केलं, दुरुस्ती मी करणार आणि रसिका बाहेर जिन्यात थांबणार.

"बाबा, मी मेकॅनिकल इंजिनियर आहे."

"असशील. जिन्यात."

तिथूनच ती सूचना देत राहिली. पंपाचा चामडी वायसर वाळून कडक झाला होता. तो खोबरेल तेलात भिजवला, हवा धरली. बर्नरला पिन मारली. सून आत घुसू नये म्हणून उर्मिला दारात हात आडवा लावून उभी. नेमकं तेव्हाच समोरच्या विमलाबाईंनी दार उघडलं.

"काय गं, घराबाहेर काढलं की काय तुला?"

"नाही काकू. आत स्टोव्ह पेटवतायत."

विमलाबाईंनी रसिकाचा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा बघून माझा धीर सुटला.

"बाबा, आधी स्पिरिट पूर्ण जळू द्या! बर्नर तापू दे!" रसिका ओरडत होती. मी पंप मारला. कच्चं रॉकेल उडालं आणि माझ्या तोंडासमोर पिवळा भडका उठला.

रसिका हात सोडवून, उर्मिलेच्या हाताखालून आत शिरली आणि तिने चावी सैल केली. हवा फुस्स झाली, भडका बसला. लोकांनी बघू नये म्हणून उर्मिलेने दार लावून घेतलं.

स्टोव्ह गार झाल्यावर रसिकाने तो पुन्हा पेटवला. निळी, गोल ज्योत. चहा उत्तम झाला.

ती ट्रेकला गेली त्या दिवशी विमलाबाई आल्या. माझ्या भुवया जिथे असायच्या तिथे बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊ, खरं सांगा. ती आत गेली, दार लागलं, आणि मग हे. त्रास देते का ती?"

"छे हो. स्टोव्हचा भडका उडाला."

"हं," विमलाबाई म्हणाल्या. "सगळे असंच सांगतात."