वेरोनच्या झाडाचं फळ

त्या साली द्रावा नदीकाठच्या ओकांवर गुबाच असा लगडला, की गावाला आनंद आवरेना. एवढीशी ती माशी, पण कोवळ्या फळात अंडं घालून जाते आणि फळाच्या जागी चिकट, वेडीवाकडी गाठ फुगते. तोच गुबाच. कातडी कमावणारे पोत्यांनी नेतात. वेचायची दवंडी पिटली, तशा बायका रानात धावल्या.

रोझाली एकटी एकाच ओकाखाली साधं फळ शोधत होती. रुजेल असं एक.

"अगं, डुकरांचं खाणं कसलं शोधतेस?" शेजारीण मारिश ओरडली. "देवानं छप्पर फाडून दिलंय, घे की!"

रोझाली पाचोळा चाळत राहिली. गेल्या साली याच झाडावर तिनं आपल्या बारा वर्षांच्या वेरोनला चढवलं होतं. "वर बघ किती गुबाच आहे! चढ, घाबरतेस काय?" असं स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती. फांदी मोडली. पोर गेली. आता हिवाळ्यात झाडही तोडणार होते. पोरीचा हात ज्याला शेवटचा लागला, त्याचं एक रोप थडग्यापाशी असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पंधरा दिवस शोधलं. मेल्या माशीनं एक फळ सोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिचा नवरा गेर्गेय डोंगरावरून डुकरं घेऊन परतला. वर्षभरात त्यानं बायकोला एका शब्दानं दोष दिला नव्हता, आणि तेच तिला जाळत होतं.

"हे घे," त्यानं मूठ उघडली. "तिच्याच झाडाचं. पार शेंड्याला होतं."

देठाकडची टोपी काढलेलं, गुळगुळीत फळ. नदीकाठच्या ओकाच्या ताज्या फळावर उभ्या काळपट रेघा असतात, डोंगरावरच्या ओकाच्या नसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. या फळावर एकही रेघ नव्हती. जन्मभर ओकाखाली डुकरं चारलेला तो माणूस चुलीकडे बघत उभा होता.

रोझालीनं फळ बोटांत फिरवून बघितलं.

"तुम्ही चढलात? या गुडघ्यांनी?"

"चढलो म्हटलं ना!"

"मीच चढवलं हो तिला," ती हंबरडा फोडून म्हणाली.

"ठाऊक आहे मला. ऊठ, उजेड आहे तोवर लावून येऊ."

थडग्यापाशी त्यानं हातानंच माती उकरली. तिनं फळ आत ठेवलं.

"रुजेल ना हो?"

"न रुजायला काय झालं? तिच्याच झाडाचं आहे."

"हो," रोझाली माती लोटत म्हणाली, "तिच्याच."