अंगावरचं दूध

"पाजू नोको त्याले. तुयं दूध तापलं हाय," म्हणत आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, बाळ माझ्या कुशीतून उचललं.

माझ्या तापाचा तिसरा दिवस होता. सत्तावन्न सालचा तो नवा ताप जगभर फिरून आमच्या बोरी अरब गावातही घरोघर शिरला होता.

"कोनं सांगतलं?"

"विमलनं."

शेजारच्या विमलताईंना कुडापलीकडून विचारलं, तर म्हणाल्या, "बजारात आयकलं बा. सारेच म्हनून राह्यले."

ह्यांनी पेपर वाचून दाखवला होता. पाणी उकळा, गर्दी टाळा. दुधाचं त्यात अक्षर नव्हतं. "माय म्हनते तं असंन काहीतरी," एवढंच बोलून हे वावरात गेले. ज्याला त्याला दुसऱ्याने सांगितलेलं. पण पहिलटकरीण मी, मी तरी काय पाहिलं होतं? चुकले तर बाळच जायचं.

आत्याबाई बोंडल्याने शेळीचं दूध पाजत होत्या. बाळ ओकत होतं, पुन्हा रडत होतं.

तेवढ्यात तांड्यावरची लालीबाई मोळी घेऊन आली. पाठीला पोरगी बांधलेली. रडण्याचं कारण ऐकून म्हणाली, "अंगावरच पाज, बाई."

"तुले कोनं सांगतलं?" माझ्या आवाजातला संशय तिलाही कळला असावा.

"कोनंच नाही. तांड्यात हा ताप पैले आला, मीबी पडली. मले जुळे होते. पोरगा लाडाचा, त्याले सासूनं दूर नेलं, शेळीचं पाजलं. पोरीची कोनाले फिकीर? थे माह्यापाशीच पीत राह्यली."

"अन् पोरगा?"

"हगवण लागली. पंधरा दिस झाले त्याले जाऊन."

"तांड्यातलं आपल्याले कायले?" आत्याबाई म्हणाल्या. पण बोंडलं त्यांच्या हातात तसंच थांबलं होतं.

मी उठले. भिंत धरत गेले आणि हात पुढे केले. त्यांनी बाळ दिलं नाही, पण मी घेतलं तेव्हा धरूनही ठेवलं नाही.

बाळ प्यायला लागलं.

"दोन्ही अंगाले पाज, नाहीतं गाठ बसते," लालीबाई म्हणाली. मग हळूच, "माही पोरगी उजव्याच अंगाले पिते. डावं त्याचं होतं."

आरसे लावलेल्या तिच्या काचोळीवर डावीकडे ओल पसरत चालली होती. तिने ओढणी त्या बाजूला ओढून घेतली आणि मोळीची दोरी सोडायला बसली.