रोजचं ताजं पाणी

शेपटीच्या अगदी कडेला अजून शेंदरी रंग होता, बोटाला चुकून राहिलेल्या कुंकवाएवढा, आणि बाकी सगळा मासा फिका, पांढुरका... हेमाने चष्मा वर केला, खाली केला, काचेला नाक टेकवलं. काल याच्या पोटावर रंग होता की नव्हता? होता. नाही, नव्हता. मेलं काही आठवत नाही हल्ली. दुसरा मासा तळाशी दगडाआड बसलेला, त्याच्याकडे तर बघवतच नव्हतं.

लेक मनस्विनी गणपतीला पनवेलहून, सासरहून, आली ती एक बॅग, ही काचेची पेटी आणि पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत हे दोन गोल्डफिश, तेव्हा लालभडक. दागिने सासरी, शालू सासरी, आणि पोरीने आणलंन काय, तर मासे! गणपती गेले, दसरा झाला, मनू इथेच. आळीतल्या बायका गोड आवाजात विचारतात, "मनू आहे वाटतं अजून?" — आहे, माझ्या घरात आहे, तुमच्या का पोटात दुखतंय? हे मनातल्या मनात. तोंडाने फक्त, "हो, आहे की." मनूला मात्र काही विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटते. काय केलंन असेल तिथे? मारलंन? जावयाचं बाहेर कुठे काही...? की ती सासू, पहिल्यापासून गोड गोड बोलणारी, तिनेच पोरीला पिळून काढलंन? रात्र रात्र हेमाने त्या बाईला शिव्या घातल्या होत्या. मनू जेवते, विचारलं तर उत्तर देते, आणि उरलेला वेळ या पेटीसमोर बसते. हे मासे गेले तर ती कुठे बघत बसणार?

नवऱ्याला, दत्तात्रेयांना, सांगितलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मासाच तो. म्हातारा झाला असेल." पुरुषांना सगळंच सोपं.

म्हणून ती आपल्या परीने करत होती. या घरात सकाळी पहिलं काम पाण्याचं. हंडा, कळशी, देवापुढचा तांब्या... काल भरलेलं शिळं पाणी परसातल्या अळवात ओतायचं, भांडं घासायचं, विहिरीचं ताजं भरायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून हात आपोआप चालतात. माणसाला शिळं पाणी द्यायचं नाही, तर मुक्या जिवाला का द्यायचं? मनू उठायच्या आत मासे गाळणीने उचलून पातेल्यात, पेटी मोरीत, काचेवरची हिरवी बुळबुळ काथ्याने खसाखस, खडे चोळून, त्या छोट्या पंपाचा स्पंज पिळून पिळून स्वच्छ. वर रत्नागिरीहून आणलेलं रंग खुलवणारं खाणं, चिमूट, आणखी एक चिमूट. आणि तरीही रंग उतरतच होता. जितका उतरे, तितकी ती जास्त घासे.

आज पेटी मोरीत उपडी होती आणि मनू दारात उभी होती. कधी उठली कोण जाणे.

"आई, हे काय करत्येस?"

"पाणी बदलत्ये गो. शिळं झालंय."

"रोज बदलतेस?"

"रोज म्हणजे... हो, रोजच."

मनू पातेल्याशी उकिडवी बसली. आता ओरडेल, हेमाला वाटलं. ओरड बाई, एकदा ओरड तरी. पण मनूचा आवाज अगदी सपाट होता. "सगळं पाणी नाही बदलायचं, आई. आठवड्याने थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं. त्या स्पंजात, खड्यांवर चांगले जंतू असतात. माशांची घाण तेच पचवतात. ते तू रोज धुऊन टाकत्येस. आणि पाऊस उघडल्यावर पंचायतीने विहिरीत टीसीएल, ती क्लोरीनची पावडर, टाकलंन ना? आपल्याला वासाने कळतं, त्यांच्या अंगाची आग होते. रोज नवं पाणी, रोज धसका. मग रंग सोडतात ते."

"मग आता काय करू? सांग ना, काय करू मी?"

"काही नको करूस. बादलीत पाणी काढून ठेवू, दिवसभर उघडं, तो वास उडेपर्यंत. मग बघू. येतो रंग परत. कधी कधी नाही येत."

हेमाने ओले हात पदराला पुसले. पुन्हा पुसले.

"तिकडे आईसुद्धा असंच करायच्या," मनू म्हणाली.

कोण आई? — मग कळलं.

"मी ऑफिसात गेले की माझं कपाट लावायच्या. रोज. डबा भरायच्या, फोन कोणाचे आले ते बघून ठेवायच्या. सगळं माझ्यासाठीच. वाईट नव्हत्या गं त्या."

एवढंच बोलून ती बादली घेऊन विहिरीकडे गेली.

वाईट नव्हत्या... म्हणजे मारलं नाही, टाकलं नाही, कोणी काहीच केलं नाही? आणि मी रात्र रात्र त्या बाईचा उद्धार करत होते! काल दुपारी मनूची बॅग मीच उपसली — कपडे धुतले, घड्या घातल्या, फोन चार्जिंगला लावला तेव्हा कोणाकोणाचे आले ते बघितलं. बघायचं नव्हतं. पण बघितलं. आणि मनूला ते दिसलं असणार, दिसलं म्हणूनच...

बाहेर रहाट करकरला. पोर उपाशी आहे. घावन घालू का, विचारावं? विचारलं तर नको म्हणणं जड जाईल म्हणून ती हो म्हणेल. न विचारता घातले तर तेही तसंच. काहीच केलं नाही तर आई कशाची मी? हात आहेत, घरात तांदळाचं पीठ आहे, पोर समोर आहे, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही.

तिने गॅस पेटवला, आणि तवा न ठेवताच बंद केला.