आईंचा चाळीस फुटी कंटेनर

माझ्या ऑफिसात कोणाचं तरी पोर गेलं असं सासूबाईंना वाटलं, यात त्यांची काही चूक नव्हती.

मी लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून स्पीकरवर बोलत होते. कानात काही घालून बसलं की आतल्या खोलीतून माझ्या लेकीचा, सईचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकरवरच बोलते. त्यात आमचे नंदकिशोर सर साताऱ्याकडचे. त्यांना माइकची गरज नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

"वैदेही, पॉड परत मेला!"

"बघितलं सर. नवीन येतोय."

"तोही मरेल! सकाळपासून किती मेले?"

"मोजायचं सोडून दिलं सर."

मागे खाली बसून आई, म्हणजे सासूबाई, जवळ्याची सुकी मासळी निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"कोनाचा पोर गेला गो?"

"पोर नाही आई, पॉड."

"तेच इचारते. कोनाचा?"

"आमचाच," मी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. "मीच बनवलाय."

आता हे नीट सांगायला हवं. आमची कंपनी वाहतूकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. न्हावा शेव्याला बोटीवरून कंटेनर उतरला की वाहतूकवाल्याला ईमेल येतो. मग ऑफिसातला कोणीतरी तो वाचणार, ड्रायव्हरला फोन करणार, ड्रायव्हर उचलणार नाही, परत फोन करणार, मग मालाच्या मालकाला कळवणार. हे सगळं आपोआप करणारं एक तयार टूल मिळतं. ईमेल ते स्वतः वाचतं, ड्रायव्हरला मेसेज पाठवतं, उत्तराची वाट बघतं आणि मालकाला कळवतं. कुठल्या कामानंतर कुठलं काम, ते आपण एकदा ठरवून द्यायचं. ते ठरवून देणं आणि टूल आमच्या क्लस्टरवर चढवणं माझ्याकडे होतं. क्लस्टर म्हणजे एकत्र बांधलेले पुष्कळ कॉम्प्युटर. त्यावर प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात राहतो. त्या डब्यालाही कंटेनरच म्हणतात आणि डबा ज्या खोलीत ठेवतात तिला पॉड. नवऱ्याला, म्हणजे तेजसला, हे समजावताना माझा एक अख्खा रविवार गेला होता. तो बंदरात कस्टमच्या कामात आहे. त्याच्या मते कंटेनर म्हणजे खाली माणूस आला तर माणूस उरत नाही ती वस्तू. डब्यात प्रोग्रॅम राहतो हे त्याने मान्य केलं, पण मनापासून नाही.

त्या दिवशी चार वाजता हे टूल हिरामण शेठना दाखवायचं होतं. शेठ उरणकडचे, ट्रेलरवाले, आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आज हे उभं राहिलं तर पुढची देखभाल तुमच्याकडे, सई मोठी होईपर्यंत खुशाल घरून करा. नाही राहिलं तर सगळ्यांनी सोमवारपासून महाप्याच्या ऑफिसात एकत्र बसायचं. तुम्हीही."

सई आठ महिन्यांची. बाटली तोंडाला लावली तर माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी तिला नोटीस दिलीय. आई म्हणतात, मी हाय ना, तू जा बिनधास्त. आई आहेत, हेच तर टेन्शन. माझं माहेर खांदेश्वरच्या फ्लॅटमधलं. तिथे मुलांना चमचा उकळून घेतल्याशिवाय पाणीसुद्धा देत नाहीत. इथे बोनकोड्यात मी अंघोळीला गेले आणि बाहेर आले, तर सईच्या ओठांना जवळ्याची कढी लागलेली. "वास घेतला नुसता तिनं," आई म्हणाल्या. वास ओठांनी घेतला होता.

तर पॉड मरत होता. मी पासवर्ड तपासले, डेटाबेसचा पत्ता तपासला, मेमरी वाढवून बघितली. सगळं जागच्या जागी. पॉड जन्माला यायचा, चार ओळी बडबडायचा आणि पाचव्या ओळीच्या मध्येच गप्प व्हायचा. मग क्लस्टर नवीन पॉड आणायचं.

"वैदेही, एक काम करा," सर ओरडले. "दोन ठेवा! एक मेला तरी दुसरा राहील!"

आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सूप बाजूला सारून, थेट लॅपटॉपसमोर आल्या.

"ओ सायेब. लेकुरवाल्या घरात असं बोलतान काय? एक मेला तं दुसरा?"

"कोण? अरे, मावशी! नमस्कार, नमस्कार. मावशी, गैरसमज होतोय. तो जिवंत नसतो."

"मंग मरतो कसा?"

इंजिनिअरिंगला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मी मध्ये पडायला हवं होतं, पण माझं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं होतं. फार शांत होतं आत. पंख्याचा आवाज येत होता, सईचा नाही. मी पाय न वाजवता आत गेले. ती झोळीत पाठीवर झोपली होती, मुठी वर करून. छाती हलतेय की पंख्याने झबलं हलतंय ते कळेना. म्हणून मी नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. खात्रीसाठी परत धरलं. सईने नाक मुरडलं, एक डोळा उघडला, मला ओळखलं आणि भोकाड पसरलं.

"उठवलीस!" आई दारात. "परत उठवलीस ना? आता झोप नाय झाली म्हनून ती रडंल. रडली म्हनून तू घाबरशील. घाबरलीस का परत बगाया येशील. बगाया आलीस का परत उठवशील. पोरीला झोपेतून उठाया तं देशील का नाय, का मधीच गचांडी धरशील?"

मी सईला खांद्यावर घेतलं, थोपटलं. आई बडबडत राहिल्या, पण मी ऐकत नव्हते. मला पाचवी ओळ दिसत होती. दर वेळी त्याच ओळीत, त्याच जागी.

तो मरत नव्हता. त्याला मारत होते.

क्लस्टरला एक सवय लावून द्यावी लागते. ठरावीक वेळाने ते प्रत्येक पॉडला विचारतं, आहेस का? उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर हा गेला असं समजून ते त्याला काढून टाकतं आणि नवीन आणतं. किती वेळाने विचारायचं आणि किती वेळा माफ करायचं, ते आपण लिहायचं. हे टूल पहिल्यांदा उठताना डेटाबेसमध्ये आपली मांडामांड करतं. त्यात दोन-तीन मिनिटं जातात. तेवढा वेळ ते कोणाशी बोलत नाही.

ओट्यापाशी येऊन मी एका हाताने सईला धरून दुसऱ्या हाताने फाइल उघडली.

"सर," मी म्हणाले, "मी पॉडला पाच सेकंदांनी विचारतेय."

"कशाच्या पाच सेकंदांनी?"

"जन्मल्यापासून. मग दर पाच सेकंदांनी. आणि एकदा जरी उत्तर नाही आलं तरी..."

"एकदाही माफी नाही?"

"नाही सर."

"वैदेही, हे लिहिलं कोणी?"

"हिनंच," आई मागून म्हणाल्या. त्यांना एक शब्द कळला नव्हता, पण सूर बरोबर कळला होता. "सवयच हाय तिला."

मी आकडे बदलले. उठायला पाच मिनिटं दिली, मग दर अर्ध्या मिनिटाने विचारायचं, आणि तीनदा माफी. पॉड नव्याने चढवला. स्क्रीनवर आलं, चालू आहे, तयार नाही. आता वाट बघायची होती. फक्त वाट. यासारखं अवघड काम मला कोणी आजवर दिलेलं नाही.

पहिल्या मिनिटातच माझा हात कीबोर्डकडे गेला. नुसतं बघायला. आईंनी सईला माझ्याकडून घेतलं, झोळीत टाकलं आणि माझ्या हातात सूप दिलं.

"निवड."

"आई, अहो माझी मीटिंग..."

"मीटिंगला येल हाय. त्यातले शिंपले काढ. आनि आत जायचं नाय."

मी ओट्यासमोर स्टुलावर बसले. जवळ्यातून बारीक शिंपले काढत होते आणि डोळे स्क्रीनवर होते. समोर पॉड गप्प, आत सई गप्प. दोघांपैकी कोणाचीच छाती हलताना दिसत नव्हती. एकदा मी अर्धी उठले. आईंनी नुसतं बघितलं. मी परत बसले.

पाचवी ओळ आली. पूर्ण झाली. सहावी आली. मग भराभर ओळी धावायला लागल्या आणि सगळ्यात खाली हिरव्या रंगात आलं: तयार. मी ओरडणार होते, पण आईंनी तोंडावर बोट ठेवलं. जवळ्याचे हात तसेच वर धरून मी ओट्यापाशी मूकपणे नाचले.

चार वाजता हिरामण शेठ स्क्रीनवर आले. म्हणजे त्यांच्या ऑफिसचं छत आलं आणि कोपऱ्यात त्यांची अर्धी मिशी.

"बोला ताई, काय जादू केलीय?"

मी नमुन्याचा ईमेल पाठवला, चाळीस फुटी कंटेनर यार्डात उतरला असा. टूलने तो वाचला. पहिली चौकट हिरवी झाली, मग दुसरी. "आता हे ड्रायव्हरला मेसेज पाठवेल," मी म्हणाले.

आणि ओट्यावरच्या डब्यापाशी आईंचा फोन वाजला.

तेव्हा मला आठवलं. सकाळी मी ड्रायव्हर म्हणून तेजसचा नंबर घालणार होते. पण तो बंदरात असताना फोन बघत नाही, म्हणून आईंचं नाव आणि नंबर घातला होता. मग पॉड मरायला लागले आणि मी ते विसरले.

आईंनी फोन लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "तुमचा... कंटेनर... आला आहे. उचलल्यावर... एक पाठवा." मग मला हाक मारली, "गो वैदेही! माझा कंटेनर आला म्हनून कोन सांगतंय गो?"

हिरामण शेठच्या मिशीची दुसरी बाजूही स्क्रीनवर आली. "कोन बाय ही?"

"टेस्ट ड्रायव्हर आहेत," सर घाईघाईने म्हणाले.

"बाय, ट्रेलर चालवता काय तुमी?"

"मी कशाला चालवू? पन वाचता येतं ना मना. कंटेनर आलाय, उचला, एक पाठवा. त्यात काय?"

शेठ हसत सुटले. "नंदकिशोर, बाईला एका वाचनात कलला, मंग माझ्या डायवरांना बी कलंल. मागच्या कंपनीनं विंग्रजी मेसेज लावलं होतं, अर्ध्या पोरांना वाटलं लॉटरी लागली."

तेवढ्यात फोन परत वाजला. आई वाचायला लागल्या, "तुमचा कंटेनर..." संपेपर्यंत तिसऱ्यांदा वाजला.

"ही कोन गो, सारखी सारखी इचारते?"

सर हळू आवाजात म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं, "वैदेही, ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही तर आठवण किती वेळाने लावलीय?"

मी छताकडे बघितलं. शेठच्या.

आई वैतागल्या. "घे बाय, तुझं एक!" म्हणून त्यांनी अंगठ्याने एक दाबून पाठवलं. शेवटची चौकट हिरवी झाली. स्क्रीनवर उमटलं: कंटेनर उचलला. ड्रायव्हर: सगुणा. मालकाला कळवले.

"उचलला पन!" शेठ टेबलावर हात मारत म्हणाले. "माझी मानसं एवढ्यात फोन बी उघडत नाय. आन ती आठवन तशीच ठेवा ताई. त्यांना असंच कोनीतरी मागं लागनारं पायजे. सोमवारपासून लावा."

शेठ गेले. सर स्क्रीनवर राहिले. घसा खाकरला.

"वैदेही, आठवण तेवढी जरा लांबवा. शेठ काही म्हणोत, ड्रायव्हर गाडी चालवत असतात."

"हो सर."

"आणि सोमवारचं." ते थांबले. मी पदर नव्हता तरी पदर पिळल्यासारखा टी-शर्ट पिळला. "आता आमच्या नोंदीप्रमाणे एक चाळीस फुटी कंटेनर तुमच्या घरी आहे. तो परत मिळेपर्यंत तुम्ही घरीच थांबा. लक्ष असू द्या त्याच्यावर."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते पुसायला गेले, तर हात जवळ्याचे.

आई मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या, काळजीत.

"ठेवायचा कुठं पन? अंगनात भाडेकरूंच्या गाड्या लावल्यात."