सूचक मी, अनुमोदक द्वारका

आमची मोनाली नदीपलीकडच्या गावात दिली. गच्चीवरून तिच्या सासरचे पत्रे दिसतात. पण पावसाळ्यात मधला बुटका पूल पाण्याखाली जातो आणि कुंभार पिंपळगावावरून अठ्ठावीस किलोमीटरचा वळसा पडतो. रस्ता असा, की धडधाकट माणसाचं कंबरडं मोडावं.

म्हणून उंच पुलाचे खांब उभे राहिले, तेव्हा माझी बायको द्वारका रोज बघायला जायची. दर खांबामागं लेक जवळ येत होती.

गेल्या सप्टेंबरात महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला. सोयाबीन उभ्यानं कुजलं. ग्रामसभेत मदतीचा ठराव मीच मांडला. पंच पडलो, त्यात बोलायची खाज. शेवटी ठोकून दिलं, "शेतकऱ्याला आधी द्या, बाकी कामं थांबली तरी चालतील!" टाळ्या पडल्या. अनुमोदनाला पहिला हात द्वारकाचा. असाच ठराव गावोगाव झाला.

मदत आली, फाल्गुनात. त्याच महिन्यात मोनालीला दिवस गेल्याचं कळलं. चैत्रात पुलाचा ठेकेदार काम अर्धवट टाकून मशिनी घेऊन गेला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. द्वारकानं आतली खोली सारवली, बाजेला नवी सुंभं भरली. श्रावणात व्याह्यांचा, साहेबरावांचा फोन आला. माणूस सरळ. "पूल असता तर काल्हच पाठिवली असती. सातव्या महिन्यात त्या खड्ड्यायनं कशी धाडू? इकडंच होऊ द्या."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्याचाच राग आला.

द्वारका तडक ग्रामसेवकाकडं गेली, मी मागोमाग. टेबलावर मदतीचे अकरा हजार ठेवले. "हे वापस घ्या अन् पूल पुरा करा."

हरिओम ग्रामसेवक पोरगेला. खाली बघत म्हणाला, "मावशी, तिजोरी एकच हाय. योजनायचा खर्चा आधीच लई, त्यात जिल्हाभर पावसानं नुकसान. पुलाचे पैसे मदतीत गेले. तुमचा ठराव जोडून पाठिवल्ता आपुन."

"मंग ठराव मागं घ्या."

"वापस घ्यायचा कागदच न्हाई, मावशी."

ती माझ्याकडं बघेल, चार शब्द सुनावेल, असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. पैसे कनवटीला लावून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. "चल, वळशानं जाऊ. भेटून तर येऊ."

डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती आली. गाडीजवळ थबकली.

"भेटायला म्या कव्हाबी जाईन. पर मला ती हितं पाहिजे व्हती. माझ्या घरात. न्हाऊ घालून, शेक देऊन, सवा महिना. लगीन झाल्यापून दोन रातीच्या वर ऱ्हायली न्हाई ती माझ्यापाशी."

ठरावावर भाषण ठोकणारा मी, नुसती गाडीची सीट पुसत राहिलो.

द्वारका मागं बसली, डबा मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाली, "चला. हळू चालवा, लाडू फुटतेन."